आप्पांच्या कानाचं मशीन

ऑफिसात तिला सगळे चौकीदारीण म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. कंपनी कानाची मशीनं बनवायची. त्या शेंगदाण्याएवढ्या मशीनमध्ये काय चालू द्यायचं आणि काय नाही, हे ठरवणारा छोटासा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. मशीन सुरू झालं की आतली एकही सूचना चालण्याआधी तो सगळ्या सूचना तपासायचा. कारखान्याची मोहर जुळली तर पुढे जाऊ द्यायचा. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालेलं दिसलं, तर जागच्या जागी अडवायचा. हल्ली ही मशीनं फोनला जोडलेली असतात. कुणी वाईट डोक्याच्या माणसानं आत शिरून आवाज एकदम वाढवला, तर उरलासुरला कानही जायचा. म्हणून तिचा नियम सरळ होता : शंका आली की बंद.

तिच्या वडिलांना, आप्पांना, याच कंपनीचं मशीन होतं. त्यांनी आयुष्यभर गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढले, आणि हातोड्याच्या आवाजानं कान गेले. मशीन आलं तेव्हा भेटेल त्याला ते मान वळवून कान दाखवायचे. "आमच्या पोरीनं केलंय." अहो, एकटीनं नाही, त्याला खूप माणसं लागतात, असं ती सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच.

एका रविवारी ती घरी गेली, तर आप्पा दारात नुसतेच हसले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. एरवी तिच्या चपला निघायच्या आत त्यांच्या गप्पा सुरू व्हायच्या.

"आप्पा गप्प का गं?" तिनं आईला विचारलं.

"गप्प कसले, गुणी झालेत," आई भाजी चिरता चिरता म्हणाली. "हल्ली मी काय म्हणेन त्याला हो. म्हटलं, उशिरा का होईना, अक्कल आली."

ती आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिली. "आप्पा, तुमच्या खुर्चीला आग लागलीय."

आप्पा शांतपणे बाहेर बघत राहिले.

तिनं पुढे होऊन त्यांच्या कानातलं मशीन हळूच काढलं. दिवा लागत नव्हता. आप्पांनी चोरी पकडली गेल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं ते तपासलं. नवा प्रोग्रॅम मशीनमध्ये उतरत असताना आप्पांच्या फोनची बॅटरी संपली होती. आत अर्धं नवं, अर्धं जुनं असं कडबोळं झालं होतं. मोहर जुळली नाही, आणि तिच्या चौकीदारानं शिकवल्याबरहुकूम मशीन अडवलं होतं. कुठं काही चुकलेलं नव्हतं. ती बराच वेळ ते मशीन तळहातावर घेऊन बसली.

संध्याकाळी तिनं ते नीट करून आप्पांच्या कानात बसवलं. भांड्याचा आवाज झाला तसे आप्पा दचकले आणि मग तोंडभर हसले.

"सांगितलं का नाहीत मला?"

"तुझ्या हातची वस्तू," आप्पा म्हणाले. "बिघडली म्हणून कुणाला कसं सांगायचं? तुला वरचे बोलले असते."

तिनं उगाचच त्यांची कॉलर सारखी केली.

मग ती ऑफिसात साहेबांकडे गेली. म्हणाली, मशीनमध्ये जुन्या प्रोग्रॅमची आणखी एक प्रत ठेवू. नव्याची मोहर जुळली नाही, तर जुनी प्रत तपासायची आणि ती चालवायची. तपासल्याशिवाय काहीच चालणार नाही, पण माणूस बहिरा बसणार नाही.

"आणि जागा?" साहेब म्हणाले. "मेमरीत मुंगी शिरायला जागा नाही."

"ती बाई काढू या."

"कुठली बाई?"

"बॅटरी संपत आली आहे, असं गोड आवाजात सांगणारी. ती आणि तिची धून, दोघी मिळून ऐसपैस बसल्यात. नुसतं टिंग वाजलं तरी कळतं."

साहेब हसले, मग खुर्चीत मागे रेलले. "बापासाठी अख्खं मशीन उलटंपालटं करायला निघालीस?"

"हो," ती म्हणाली. "सुरुवात बापापासूनच झाली. पण बाकीची मशीनंही कुणाच्या ना कुणाच्या बापाच्या कानात आहेत, साहेब."

साहेबांनी थोडा वेळ टेबलावर पेन वाजवलं. "बाईचा आवाज मीच निवडला होता," ते म्हणाले. "जाऊ दे. काढ."

काही महिने त्यात गेले. सगळ्यांच्या मशीनमध्ये तो प्रोग्रॅम पाठवण्याआधी ती घरी आली. तिनं तो आप्पांच्या मशीनमध्ये घातला आणि त्यांना समोर बसवलं.

"मी आता मुद्दाम बिघडवणार आहे. थोडा वेळ ऐकू येणार नाही. जुना प्रोग्रॅम सुरू झाला की टिंग वाजेल. चालेल?"

"तू आहेस ना," आप्पा म्हणाले.

त्यावर आणखी एक प्रोग्रॅम उतरत असतानाच तिनं फोन बंद केला. आप्पांचा चेहरा एकदम कोरा झाला. त्यांचा हात टेबलावर चाचपडत आला आणि तिनं तो धरला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आप्पांनी भुवया उंचावल्या.

"टिंग झालं!" ते नको इतक्या मोठ्यानं म्हणाले.

"येतंय ऐकू?"

"येतंय. बोल, बोल काहीतरी."

तिनं काही बोलायच्या आधी आतून आईच म्हणाली, "अहो, ओरडताय काय, शेजारी जमा होतील."

आप्पांनी तिचा हात सोडला आणि ते पाठ ताठ करून बसले. "परत एकदा बंद पाड बघू."

"कशाला आता?"

"मघाशी घाबरलो होतो. आता नीट बघतो, तुझा चौकीदार काय करतो ते."

तिनं सगळं पुन्हा सुरू केलं आणि अर्ध्यात फोन बंद केला. आप्पा हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, वाट बघत बसले.