गुढियारी ते नवा रायपूर, मावशीच्या जुन्या गाडीतून

आमगाव स्टेशनवर मी सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसले तेव्हा बाबांनी खिडकीतून चिवड्याची पुडी आत दिली आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कॉलेजात शिकवून राहिलो आपण पोट्टीले, अन् हे चालली डायवर बनून."

बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

रायपूरची माझी शोभामावशी दिवाळीनंतर जळमटं काढताना स्टुलावरून पडली होती आणि तिच्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं. मावशी सरकारी ऑफिसात लिपिक. ऑफिस आधी शहरात होतं, घरून रिक्षाने पोहोचता यायचं. नवी राजधानी झाल्यावर ते शहराबाहेर दूर नवा रायपूरला गेलं. तिकडे बस अधूनमधून, म्हणून तिने जुनी डिझेलची छोटी गाडी घेतली आणि स्वतः चालवायला शिकली. काका रेल्वेत, ड्यूटीमुळे बहुतेक दिवस बिलासपूरला, आणि त्यांना गाडी येत नाही. गिअर टाकायचा हातच बांधलेला, म्हणून तिने आईला फोन केला होता, "रोशनीले पाठव. तिच्यापाशी लायसन आहे."

लायसन होतं. बाबा ज्या राइस मिलमध्ये हमाली करतात तिथल्या योगराजकाकांनी मला मिलची पिकअप मोकळ्या मैदानात शिकवली होती. पण मैदानात समोरून कोणी येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मला सगळंच येत असेल असं घरच्यांना वाटतं. येत नाही, हे सांगायला मला दरवेळी उशीर होतो.

डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ धुक्यातून अर्धंच दिसलं. पुढे भिलाईची धुराडी आली, आणि डब्यातलं बोलणं मराठीतून हळूहळू हिंदीकडे आणि हिंदीतून छत्तीसगढीकडे कधी वळलं ते मला कळलं नाही. रायपूर स्टेशनच्या मागे गुढियारी आहे. धान्याची गोदामं, पोत्यांच्या हातगाड्या, अर्धा रस्ता अडवून माल उतरवणारे ट्रक, आणि या सगळ्यातून शाळेत निघालेली मुलं. मावशीचं घर इथल्याच एका पाऱ्यात (वस्तीत). दारासमोर रस्त्यावरून वर चढत जाणारा सिमेंटचा उतार, आणि त्या उतारावर नाक घराकडे करून उभी असलेली गाडी.

गाडी कधीकाळी चंदेरी असावी. तीन लाख किलोमीटरच्या वर पळालेली. मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडायचं. पण आत बसल्यावर मी चकित झाले. सीटची कव्हरं घरी शिवलेली, धुतलेली. काच लख्ख. बॉनेट उघडलं तर आत तेलाचा ओघळ नाही.

"दर महिन्याले एकच काम करतो मी," मावशी म्हणाली. "एका महिन्यात ब्रेक, एका महिन्यात बेल्ट. टायर घासले का पुढचे मागं. ऑइल मात्र कधी चुकवलं नाही. घरी भाजीत तेल कमी पडलं तरी चालते, इथं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या साहू दीदी आल्या. मावशीच्याच ऑफिसातल्या, ठेंगण्या, हसऱ्या. त्या डबा मांडीवर घेऊन मागे बसल्या आणि मला म्हणाल्या, "डर मत बेटी, चल जाही (जमेल)." मी किल्ली अर्धी फिरवली. समोर वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत इंजिनातले हीटर तापतात, मग चावी पूर्ण फिरवायची, हे मला माहीत होतं. त्या दोघी एकदम गप्प का झाल्या ते माहीत नव्हतं. साहू दीदींचा हात डब्यावर स्थिर. मावशीची नजर दिव्यावर.

दिवा विझला. मावशी म्हणाली, "हं. फिरव."

नंतर तिने सांगितलं. गाडी नवीन शिकली तेव्हा कोणी गप्पा मारत असलं की ती घाईने चावी फिरवायची, आणि बॅटरी बसायची. तेव्हापासून नियम झाला. दिवा आहे तोवर कोणी बोलायचं नाही.

त्या दिवशी चावी फिरवूनही गाडी सुरू झाली नाही. घरघर, घरघर, मग बऱ्याच वेळाने पांढरा धूर सोडत एकदाची लागली. मग मला ती उतारावरून उलटी रस्त्यावर आणायची होती, मागे हातगाड्या, ओट्यांवर चहा पिणारे शेजारी. तेलीबांध्याच्या चौकात ती बंद पडली तेव्हा शेजारचा ऑटोवाला म्हणाला, "मैडम, धक्का दूँ कि दुआ?" साहू दीदींनी खिडकीतून त्याला सांगितलं, "दुआ घर में बहुत हे, धक्का दे." त्याने खरंच उतरून दिला.

शंकर नगरच्या कोपऱ्यावर तिवारी दीदी घड्याळ बघत उभ्या होत्या. त्या तिसऱ्या भागीदार. डिझेलचा खर्च तिघी वाटून घेत. त्या बसल्या आणि म्हणाल्या, "शोभा, आज फिर लेट. वैन आज भी मेरे सामने रुकी थी."

मग सगळं समजलं. एक पांढरी व्हॅन शंकर नगरहून नवा रायपूरच्या कर्मचाऱ्यांना नेत होती. तिच्यात एक जागा रिकामी होती आणि महिनाअखेरपर्यंत तिवारी दीदींना हो की नाही ते सांगायचं होतं. व्हॅन गुढियारीत येत नाही. तिवारी दीदी गेल्या तर दोघींना गाडी परवडणार नव्हती. गाडी विकावी लागली असती, आणि मावशी नि साहू दीदी रोज दोन बस बदलत बसल्या असत्या.

"जाऊ दे तिले, तिची चूक नाही," मावशी मला मराठीत म्हणाली. तिवारी दीदींना अर्थ कळला असावा. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

नवा रायपूरचे रस्ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. इतके रुंद की एका कडेवरून दुसऱ्या कडेचा माणूस ओळखू येणार नाही. मधे रोपटी, दोन्ही बाजूंना मोकळं गवत, त्यात गायी, आणि दूर एकेक मोठी इमारत, जणू आधी इमारती आणून ठेवल्या आणि शहर मागून येणार आहे. तिथे मी पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. गाडीचा आवाज खाली बसला, एकसारखा झाला. मावशीने डोळे मिटले आणि म्हणाली, "आता कशी गाऊन राहिली पाहा." दुपारी त्या ऑफिसात आणि मी बाहेरच्या झाडाखाली पुस्तक घेऊन. डब्यात साहू दीदींचे फरे (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके) आणि टोमॅटोची चटणी. फरे गार झाले तरी मऊ राहतात, आणि त्या चटणीची चव मला अजून आठवते.

मनहरण मिस्त्रीचं गॅरेज मालधक्क्याजवळ, एका कडुनिंबाखाली. अंगाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा, आणि स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करणारा. "दीदी, पूरे रायपुर में इतनी पुरानी गाड़ी इतनी अच्छी हालत में दिखा दो, मूँछ मुड़वा दूँगा." त्याने हीटर काढून बॅटरीच्या तारेला लावून दाखवले. दोन लाल झाले, दोन काळेच राहिले. या महिन्याचं काम म्हणून ते बदलले. दुसऱ्या सकाळी गाडी थोडी लवकर सुरू झाली. तिसऱ्या सकाळी पुन्हा घरघर. मनहरण मिस्त्रीने बॉनेटवर हात टेकले आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "अब पंप ही बचा है, दीदी."

इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या त्या पंपाचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. रात्री जेवताना मावशी म्हणाली, "चांगली चालली होती माही गाडी." चालली होती, असं ती म्हणाली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. रोज सकाळी सगळ्यांसमोर गाडी उलटी काढायची मला इतकी धास्ती की एका संध्याकाळी रस्ता मोकळा दिसताच मी साहू दीदींना विनवलं. त्या मागे उभ्या राहून "आ, आ, बस" म्हणत राहिल्या आणि मी गाडी उलटी उतारावर चढवली. भिंतीला एकदा टेकलीच. पण नाक रस्त्याकडे झालं, सकाळी सरळ निघता येणार होतं.

सकाळी दिवा विझला, चावी फिरवली, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मावशीला वाटलं, नवे हीटर अखेर बसले. साहू दीदींनी रात्री गाडीच्या नावाने नारळ बोलला होता. मला वाटलं, माझा हात सुधारला. त्या दिवशी तिवारी दीदी कोपऱ्यावर यायच्या आधी आम्ही तिथे होतो, आणि मला हे सांगताना लाज वाटते की मी उगाच एकदा हॉर्न वाजवला.

संध्याकाळी दारासमोर ट्रक माल उतरवत होता. उलटी घ्यायला जागा नव्हती, नाक घराकडे करूनच लावली. सकाळी पुन्हा तेच, घरघर आणि धूर. मावशीने डोकं सीटला टेकलं.

मागून साहू दीदी म्हणाल्या, "कालि बिहनिया गाड़ी के मुँहू सड़क कोती रिहिस. आज घर कोती हे." (काल सकाळी गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं, आज घराकडे आहे.)

"तो क्या?" मावशी म्हणाली.

"मैं का जानौं. फेर ओही दिन चालू होइस." (मला काय माहीत. पण त्याच दिवशी सुरू झाली.)

संध्याकाळी आम्ही हे मनहरण मिस्त्रीला सांगितलं तर तो मोठ्याने हसला. "दीदी, गाड़ी मुँह देखके चालू नहीं होती." हसता हसताच तो थांबला. कापडाने हात पुसत गाडीकडे बघत राहिला. मग काही न बोलता खाली शिरला.

त्याने डिझेलच्या नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी बसवली आणि इंजिन चालू ठेवून आम्हाला बोलावलं. पिवळसर डिझेलमधून बारीक बुडबुडे येत होते, सोड्याच्या बाटलीत येतात तसे. टाकीजवळची रबरी नळी कडक होऊन चिरली होती. तिथून हवा आत जायची. गाडी नाक वर करून रात्रभर उभी राहिली की डिझेल मागे टाकीत उतरायचं आणि सकाळी पंपाला ओढायला हवाच मिळायची. नाक खाली असलं की डिझेल आपोआप पुढे.

"पंप को मैंने मुफ़्त में बदनाम किया," मनहरण मिस्त्री म्हणाला. मग साहू दीदींना, "दीदी, नौकरी छोड़के गैरेज में बैठ जाओ."

"तैं मूँछ मुड़वा पहिली," (तू आधी मिशी काढ) साहू दीदी म्हणाल्या. गॅरेजातले सगळे हसले. हातभर नवी नळी आणि दोन क्लिपा, एवढ्यात काम झालं. त्याने नळी बसवताना प्रत्येक क्लिप दोनदा ओढून पाहिली, जणू कोणाची माफी मागत होता.

प्लास्टर निघाल्यावर मावशीने दोन दिवस हात चोळून घेतला आणि तिसऱ्या दिवशी किल्ली मागितली. मी मागे, साहू दीदींच्या शेजारी. गाडी मुद्दाम नाक घराकडे करून ठेवली होती. पिवळा दिवा लागला. नव्या हीटरमुळे आता तो लगेच विझायचा. पण विझल्यावरही आम्ही कोणी बोललो नाही, मावशी "हं" म्हणेपर्यंत. गाडी एका झटक्यात लागली.

शंकर नगरच्या कोपऱ्यावर तिवारी दीदींच्या मागे पांढरी व्हॅन उभी होती. तिवारी दीदी व्हॅनच्या खिडकीशी दोन शब्द बोलल्या आणि आमच्याकडे आल्या. दार ओढून बसल्या.

"क्या बोला उसको?" मावशीने विचारलं.

"यही कि मेरी गाड़ी आ गई." आणि मग, "चलो शोभा, आगे देखके चलाओ."

मावशी आरशात बघत नव्हती, पण तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी विचार करत होते की रायपुरात मी काय पाहिलं. लोक विचारतील, तलाव पाहिला का, मंत्रालय पाहिलं का. पाहिलं. पण माझ्या मनात राहिली ती एक जुनी गाडी, जिला प्रत्येकजण आपापल्या परीने सांभाळत होता. कोणाला सगळं माहीत नव्हतं. मिस्त्री चुकला, मावशी चुकली, मी तर भीतीपोटीच उलटी लावली. तरी गाडी वाचली, कारण रोज सकाळी थोडा वेळ सगळ्याजणी गप्प राहून तिच्याकडे लक्ष देत होत्या.

आमगावला बाबा घ्यायला आले होते, योगराजकाकांबरोबर, मिलच्या पिकअपमध्ये. काकांनी मला किल्ली दिली. "घे. राजधानीत चालवून आली ना."

बाबा मधल्या सीटवर बसले. मी चालवत असताना ते पहिल्यांदाच गाडीत बसत होते. बसताक्षणीच सुरू झाले, "हात कसा हाय तिचा? अन् गाडी विकली का मंग?"

मी किल्ली अर्धी फिरवली. तोच पिवळा दिवा.

"थांबा बाबा," मी म्हणाले. "दिवा जाऊ द्या."

योगराजकाकांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनी दिव्याकडे पाहिलं, आणि हात गुडघ्यावर ठेवून गप्प झाले. दिवा गेला, मी चावी फिरवली, पिकअप लागली. रेल्वे फाटक ओलांडेपर्यंत बाबा तसेच गप्प होते. मग घसा खाकरून म्हणाले, "आता बोलू का?"

"हं," मी म्हणाले. "बोला."