आईचा रिकामा हंडा

खर्डीची मावशी वारली त्या दिवशी सकाळपासून तिची पाठ दुखत होती, जबडा ओढत होता. सगळे म्हणाले, पित्त आहे. तिला ओवा दिला. ते हृदय होतं, हे आम्हाला मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंकडून नंतर कळलं. त्यांनी लगेच आईच्या दंडाला प्रेशर मोजायचा पट्टा बांधला. तिचं प्रेशर वाढलेलं निघालं.

मिसरी बंद, मीठ कमी आणि रोज सकाळी भरभर चालायचं, असं त्यांनी सांगितलं. आई भेंडीच्या पॅकिंगला दिवसभर बसून असते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून तिला चालायला लावणं माझं काम आहे असं मला वाटलं.

आई मिसरीशिवाय राहू लागली, पण चालणं जमेना. आमच्याकडे बाई कामाशिवाय रस्त्याला लागत नाही. पहिल्याच दारातून शेजारच्या काकीने विचारलं, "कुठं गो?"

"कुठं नाय. अशीच."

'अशीच' म्हणजे नवऱ्याशी भांडून, असं ठरलं. संध्याकाळी शेजारी बाबांना समजवायला आले. बाबांनी न झालेल्या भांडणाबद्दल माफी मागितली आणि सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी आई रिकामा हंडा डोक्यावर घेऊन निघाली. कोणी काही विचारलं नाही. मी मागून चालत होते. मला वाटलं, जमलं.

पण काकीला वाटलं, दारात नळ असताना ही हंडा घेऊन चालली, म्हणजे नळाचं पाणी जाणार! काकी हंडा घेऊन निघाली. मग तिची जाऊ, मग सगळी आळी. आईने मागे पाहिलं. इतक्या बायका निघाल्यात म्हणजे खरंच पाणी जाणार, असं तिलाही वाटलं आणि ती पळत सुटली. मी "आई, हळू!" म्हणत होते, पण ऐकतंय कोण?

धसईच्या रस्त्यावर फार्महाऊसचा टँकर येत होता. बायकांनी तो अडवला.

"अहो, हे पोहायच्या टाकीचं पाणी आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमी पोहा नंतर!"

धापा टाकत काकीने आईला विचारलं, "नळ कवा जानार गो?"

"मला काय ठावं? मी तर हृदयासाठी चालले व्हते."

काकी हसली नाही. हंडा खाली ठेवून तिने जबडा धरला. "कालधरनं पाठ पन दुखतेय. ओवा खाल्ला मी."

आईने काकीला धरलं. पित्त असेल, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही काकीला टँकरच्या केबिनमध्ये चढवलं. तिने हंडाही बरोबर घेतला.

"हंडा कशाला, काकी?" ड्रायव्हरने विचारलं.

"रस्त्यात कोन भेटला तर?"

डॉक्टरीणबाईंनी तपासून तिला लगेच ठाण्याला पाठवलं. वेळेत आणलंत, म्हणाल्या. ॲम्ब्युलन्समध्येही हंडा गेला.

आता काकी बरी आहे. तीही आईबरोबर चालते, हळूहळू. बाकीच्या बायकाही येतात, प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामा हंडा. काकीच्या हंड्याला एक पोचा आलाय. फार्महाऊसचा टँकर मात्र आम्हाला लांबून पाहिलं की मागे वळतो.