ठोकळ्यांचा बैल

वस्तू हातात आली की तिला मार्क द्यायचे, ही माझी जुनी खोड. सौसरला प्राथमिक शाळेत मास्तर होतो, तेव्हा ही खोड मला पगारासोबतच मिळाली असं घरचे म्हणत. माठ घेताना दहा वेळा टिचकी मारून बघणार, छत्री दुकानातच उघडझाप करून दुकानदाराचा जीव खाणार, आणि सासुरवाडीला पुरणपोळी खाताना डाळ जराशी कच्ची राहिली हेही सांगून टाकणार. बायको म्हणायची, तुमच्यापुढे देव उभा राहिला तरी आधी त्याचं हस्ताक्षर तपासाल.

माझ्या या खोडीवर गावात एकाच माणसाचा विश्वास होता, आणि तो गावातला नव्हता. तो माझा मेहुणा. पांढुर्ण्याला त्याचं छोटं जनरल स्टोअर होतं. वह्या, बांगड्या, रबरी चेंडू, असलं सगळं. माल नागपूरहून आणायचा. राखीला बहिणीकडे आला तेव्हा त्याने पिशवीतून एक पुठ्ठ्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. नमुना म्हणून एकच आणला होता.

"भाऊजी, तुमी पाहून सांगा," तो म्हणाला. "दुकानात ठेवू का नको?"

साल सत्त्याऐंशी असेल, नाहीतर अठ्ठ्याऐंशी. डब्यात प्लास्टिकचे ठोकळे होते, एकावर एक दाबून बसवायचे. सोबत दोन माणसं, बोटाएवढी, डोक्यापासून पायापर्यंत काळी. नुसते डोळे उघडे आणि हातात काडीएवढी तलवार. मेहुण्याने सांगितलं की यांना निंजा म्हणतात, जपानकडचे लढवय्ये, नागपुरात व्हिडिओवर यांचे सिनेमे जोरात चालू आहेत.

मी सतरंजीवर डबा उपडा केला आणि कामाला लागलो. झाकणावर बुरुज, दरवाजा आणि झेंडा असलेला किल्ला छापला होता; आतल्या ठोकळ्यांत त्या किल्ल्याच्या दोन भिंतीही धड होत नव्हत्या. काही ठोकळे इतके सैल की फुंकर मारली तरी सुटावे, आणि काही इतके घट्ट की सोडवायला दात लावावे लागत. एका निंजाचा डावा डोळा छापताना गालावर उतरला होता. मी मेहुण्याला म्हटलं, स्वस्त आहे हा याचा एकच गुण, आणि या मालाला ती किंमतही जास्तच आहे. पोरं दोन दिवस खेळतील, तिसऱ्या दिवशी त्यांच्या आया तुझ्या दुकानावर भांडायला येतील. ठेवू नको. त्याने कोर्टाचा निकाल ऐकावा तशी मान हलवली, आणि नमुना भाचीला देऊन टाकला.

माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. एकुलती एक. एवढा वेळ ती उंबऱ्यावर बसून नुसती बघत होती. मेहुणा गेल्यावर तिने ती दोन काळी माणसं उचलली आणि मला विचारलं, हे फवारणीवाले आहेत ना? बोरगावच्या रस्त्याला कपाशीत औषध मारणारे गडी तिने पाहिले होते. पाठीवर पंप, आणि औषध नाकातोंडात जाऊ नये म्हणून डोळे सोडून सगळ्या तोंडाला बांधलेलं फडकं. मी तिला निंजा समजावून सांगितले. तिने नीट ऐकून घेतलं आणि त्यानंतरही त्यांना फवारणीवालेच म्हणत राहिली. जपान तिने पाहिला नव्हता, कपाशी पाहिली होती. मी तरी जपान कुठे पाहिला होता?

राखीनंतर पंधरा दिवसांनी पोळा. पोळ्याला खऱ्या बैलांचा मान, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत पोरं तोरणाखाली आणतात. पंच बैल बघतात, पहिला-दुसरा नंबर काढतात. मग तोच बैल घेऊन पोरांनी घरोघरी जायचं आणि बोजारा मागायचा, म्हणजे बैलाच्या मानाचे चार-आठ आणे. आमच्या घरातही एक सागवानी बैल होता, पण वाटणीत तो मोहगावला थोरल्या भावाकडे गेला, कारण त्याला तीन मुलगे. आम्हाला मुलगी, तिला बैल कशाला लागतो, असा विचार कोणी मुद्दाम केला नव्हता, तो आपोआपच झाला होता. लेकीने एकदा विचारलं, बाबा, मला बैल? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. तिने पुन्हा विचारलं नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

त्या वर्षी आम्ही तीन पंच होतो. एक म्हातारे सुतार, गावातले अर्धे लाकडी बैल त्यांच्याच हातचे. दुसरे एक संत्र्याचे बागायतदार. तिसरा मी, कारण मार्क देण्याचा अनुभव. मेहुणाही आला होता. त्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, म्हणजे त्याचं दुकान बंदच. आम्ही एकेक बैल बघत पुढे सरकत होतो. झुली, घुंगरं, शिंगांना बेगड, सगळं नेहमीचं. आणि रांगेच्या शेवटी माझी लेक उभी.

तिच्या हातात दोरी होती, आणि दोरीला वीतभर उंचीचा बैल. लाल, पिवळ्या, निळ्या ठोकळ्यांचा. फुटक्या पाटीच्या लाकडी पट्ट्यांवर उभा केलेला, खाली दोऱ्याची चार रिकामी रिळं. शेपूट सुतळीचं. निंजांच्या दोन तलवारी काढून तिने त्यांची शिंगं केली होती, आणि ती जराशी आत वळलेली दिसत होती, आमच्याकडच्या बैलांची असतात तशी. एक फवारणीवाला कासरा धरून पुढे, दुसरा मागे, त्याच्या पाठीवर एक निळा ठोकळा. तो पंप. बायकोला हे सगळं माहीत होतं हे मला नंतर कळलं. धान्याच्या कोठीमागे पंधरा दिवस हे काम चालू होतं, आणि त्या घरात राहून मला पत्ता नव्हता.

तिला बक्षीस नको होतं. तिला फक्त त्या रांगेत तिचा बैल बैल म्हणून धरला जायला हवा होता, म्हणजे संध्याकाळी बोजारा मागायला तिला जाता आलं असतं. हे तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट होतं की कोणालाही वाचता आलं असतं. मीही वाचलं.

तिने दोरी ओढली. जमीन खडबडीत, मध्ये दगड, चिखल वाळून झालेले खड्डे. ते ठोकळे किती सैल आहेत हे माझ्याइतकं तिथे कोणाला माहीत होतं? मी मनातल्या मनात म्हणत होतो, पड. पडला तर सुटलो. पडला तर तिला उचलून घेईन, पुढच्या वर्षी सागाचा बैल करून देईन म्हणेन, आणि मला काही बोलावं लागणार नाही. बाप असून मी असं म्हणत होतो, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

बैल पडला नाही. हलत डुलत तोरणाखालून पलीकडे गेला आणि उभा राहिला.

सुतार खाली बसले. त्यांनी बैलाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "पाहा जी मास्तर," ते म्हणाले, "वशिंड कसं उतरवलं पोट्टीनं. लाकडात माह्या हातून बी असं उतरत नाही."

बागायतदार हसून म्हणाले की मास्तर म्हणतील तसं, वस्तू त्यांच्याच घरची आहे. मागून गर्दीत कोणीतरी म्हणालं, म्हणजे आज बक्षीस मास्तरच्याच घरी. चारदोन लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पण माझे कान तापले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं उद्या शाळेच्या फाटकापाशी कोणी म्हणेल, हेच मला दिसत होतं. समोर उभी असलेली लेक दिसत नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"हा बैल नाही," मी म्हणालो. "तान्हा पोळा लाकडी बैलांचा असतो. हा नंबरात धरू नका."

सुतार माझ्याकडे बघत राहिले. असा नियम आपण केला कधी, असं त्यांनी हळूच विचारलं. केला नव्हता. कोणीच केला नव्हता. पण एकदा बोललेला निकाल फिरवायचा कसा, हे मला आयुष्यात कधी जमलं नाही, आणि त्या दिवशी तर सगळं गाव बघत होतं. लेक माझ्याकडे बघतच नव्हती. ती बैलाकडे बघत होती, जणू माझ्या म्हणण्यात तथ्य आहे का ते तपासत होती. मग तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि रांगेतून बाहेर गेली. पहिला नंबर कोणत्या बैलाला दिला ते मला आठवत नाही.

संध्याकाळी पोरं आमच्या दारात बोजारा मागायला आली. बायकोने प्रत्येकाच्या हातावर नाणं ठेवलं. माझ्याशी ती बोलत नव्हती. मी लेकीला म्हटलं, चल, मी येतो तुझ्यासोबत, घेऊ बैल आणि जाऊ चार घरी.

"कशाचा बोजारा, बाबा?" ती म्हणाली. "बैल नाही म्हनलं नं तुमी."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी शिकवलेला पाढा म्हणावा तसं तिने ते म्हटलं. बैल तिने आधीच सोडवला होता. ठोकळे डब्यात, दोन्ही फवारणीवाले वर, तलवारी त्यांच्या हातात परत. मी मेहुण्याला बाजूला घेऊन म्हटलं, नागपूरहून याचाच मोठा डबा आण, लागेल ते देतो. तो ओशाळला. तुम्ही नको म्हणालात म्हणून त्या व्यापाऱ्याला मी नाही सांगून टाकलं, आता त्याच्याकडे तो माल नाही, म्हणाला.

दोन दिवसांनी बायको लेकीला घेऊन बाजारात गेली होती. मी घरात एकटाच. डबा घेतला आणि सतरंजीवर बसलो. म्हटलं, आपणच उभा करून ठेवू, ती आली की दिसेल. पाहिलेला बैल, मोजके ठोकळे, त्यात काय एवढं. तासभर मी खपत होतो. पाय तीन सारखे झाले, चौथा आखूड. पाठ दाबली की पोट सुटायचं. वशिंड तर कशाचं, नुसता एक चौकोन बसला. मी ठोकळ्यांना शिव्या दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं. याच सैल ठोकळ्यांचा तिचा बैल खड्ड्यांतून गेला होता, आणि माझा सतरंजीवर उभा राहत नव्हता. मला रडू यायला लागलं.

ती कधी आली ते कळलं नाही. दारातच थांबली.

"काय करून राहिले, बाबा?"

ती जवळ येऊन बसली. माझं ते आखूड पायाचं, भिंतीला टेकवलेलं धूड तिने सगळीकडून पाहिलं, मागून, पुढून, खाली वाकून. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बैलच आहे," ती म्हणाली.

तो बैल नव्हता, हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं. माझं मन राखायला ती तेवढं खोटं बोलली. त्या दिवशी तोरणाखाली मला तर नुसतं खरं बोलायचं होतं.