चतुर्थीचा डाव

पानं हातात आली की माणूस आधी ती उचलून बघतो. काका बघत नसत. पाचही पानं तळहाताखाली दाबून ठेवायचे आणि टेबलाभोवती बसलेल्या एकेकावरून सावकाश नजर फिरवायचे. "माझी पानं कुठं पळत नाहीत," म्हणायचे. "आधी माणसं बघून घेऊ."

आमच्या बेटावर क्युरपिप गावच्या कॅसिनोत मागच्या खोलीत पोकरचं टेबल होतं आणि त्यावर पानं वाटायचं काम माझं. सत्तरचं दशक निम्म्याच्या पुढं गेलं होतं. काका क्वात्र बॉर्नच्या बाजारात कापड विकायचे. बाजाराचे दोन दिवस सोडले तर बहुतेक दुपारी आमच्याकडे. बाजारात सगळे त्यांना क्रेओलमध्ये 'तोंतों' म्हणत. मी काका म्हणायचो. त्या खोलीत मराठी असे आम्ही दोघंच.

माणसं ओळखणं ते ठेल्यावर शिकले होते. ज्या बाईला निळं कापड हवं असतं ती आधी पिवळं उचलते, निळ्याकडे पाठ करते आणि पिवळ्याचा भाव विचारते, असं ते सांगायचे. टेबलावरही तेच. साखर कारखान्यातल्या एका इंजिनियरला चांगली पानं आली की तो छताच्या पंख्याकडे बघू लागे. पोर्ट लुईचा एक किराणावाला वाईट पानं आली की विनोद सांगे. काका त्या विनोदाला मनापासून हसायचे आणि मग पैसे लावायचे. तुम्ही शेजारी बसला असता तर तुम्हालाही हे दिसलं असतं, पण त्यांनी दाखवल्यावर.

त्यांची लेक सहा वर्षांची असताना तापानं मरणाच्या दारात गेली होती. तेव्हा त्यांनी गणपतीला नवस बोलला होता: पोर वाचली तर दर संकष्टीला उपास करीन आणि त्या दिवशी खोटं म्हणून बोलणार नाही. पोर वाचली. बाजारातल्या आमच्या मराठी बायकांना हे पक्कं ठाऊक. चतुर्थी बाजारच्या दिवशी आली की ठेल्यावर झुंबड उडायची. "तोंतों, आज खरं सांगा, तुम्हाला केवढ्याला पडलं?" काका कपाळावर हात मारायचे आणि सांगून टाकायचे. गणपतीनं माझं दुकान मांडलंय की उठवलंय तेच कळत नाही, म्हणायचे.

चतुर्थीलाही ते खेळायला यायचे. फक्त हातात चांगली पानं नसताना ती आहेत असं दाखवून पैसे लावायचे नाहीत. ते त्यांच्या हिशोबी खोटंच.

त्या सुमारास बेटावर स्वेटरच्या फॅक्टऱ्या निघाल्या. त्यांचा नापास माल ढिगानं बाजारात येऊ लागला आणि कापड मागं पडलं. लेकीचं लग्न होईपर्यंत ठेला टिकवायचा, एवढ्यासाठी काका खेळत होते. मला हे माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

अशाच एका फॅक्टरीचा मालक आमच्या टेबलावर येई आणि काकांकडून हरे. एक दिवस बाहेर त्याच्या मोटारीपाशी त्यानं मला थांबवलं. तुमच्यातलाच आहे ना हा, याला वाचायचं कसं, असं हसत हसत विचारलं. माझी बायको काम शोधत होती, हे त्याला मीच कधीतरी बोललो होतो. उपास तर टेबलावरच्या सगळ्यांना दिसायचा. चतुर्थीला काकांसमोर पाण्याच्या ग्लासाशिवाय काही नसे. नवस मी सांगितला. एकच वाक्य. पुढच्या सोमवारी बायको कामाला लागली.

त्यानंतर चतुर्थीला काकांनी पैसे लावले की मालक पानं टाकून द्यायचा, आणि काका गप्प राहिले की पैशांच्या चकत्यांचा ढीग पुढं सारायचा. बाकीच्या दिवसांत मिळवलेलं त्या एका दिवशी जायचं.

काकांना वाटलं, आपलं तोंड बोलतंय. ठेल्यावर आरसा लावून ते चेहरा मख्ख ठेवायला शिकू लागले. बायका हसायच्या, तोंतोंला या वयात नवरदेव व्हायचंय म्हणून. एकदा त्यांनी मला विचारलं, "पोरा, तू समोर असतोस. चतुर्थीला माझ्या तोंडावर काय दिसतं?"

मी म्हटलं, काही नाही, काका. ते खरंच होतं.

आठ-नऊ महिन्यांनी ठेल्याचा परवाना नव्यानं काढायची वेळ आली, आणि चतुर्थी त्याच आठवड्यात. शेवटच्या डावात मालकानं बरंच पुढं सारलं. काकांनी त्या दिवशी माणसांकडे बघितलंच नाही. पानं बघितली, पाण्याचा घोट घेतला आणि होतं नव्हतं ते सगळं मध्ये ढकललं. मालकाची नजर त्यांच्या तोंडावर नव्हती, ग्लासावर होती. हातातल्या तीन राण्या उताण्या टाकून तो म्हणाला, आज याच्याशी कोण भांडणार.

पानं माझ्याकडे सरकवताना काकांनी ती जरा कलती केली. साधी एक जोडीही नव्हती. "मोडला रे," ते मराठीत म्हणाले. टेबलावर दुसऱ्या कोणाला ते कळलं नाही.

ते पुन्हा आले नाहीत. ठेला राहिला. लेक ब्रीझे वेर्दिएर गावी दिली. लग्नात मी पंगतीला बसून जेवलो. दीड वर्षानं तिला मुलगा झाला आणि आठव्या दिवशी गेला.

त्यानंतर क्वात्र बॉर्नला बसच्या रांगेत काका भेटले. जमिनीकडे बघून बोलत होते. "तू होतास तिथं. तूच सांग. माझ्या खोट्यापायी गेला ना?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की काका, तुमचं खरं मी विकलं, म्हणून तुमच्यावर खोटं खेळायची पाळी आली. बस यायला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, "देवाची मर्जी, काका."

"देवाची कसली," ते म्हणाले. "माझीच."

एकदा मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर त्यांना सगळं वाचता आलं असतं. पण माणसं बघणं त्यांनी सोडलं होतं.

चार वर्षांनी काका वारले. रजा मिळत नाही असं मी घरी सांगितलं आणि गेलो नाही. बायको अजून त्याच फॅक्टरीत आहे, आता दहा बायका तिच्या हाताखाली आहेत. तिलाही यातलं काही ठाऊक नाही.

मागच्या वर्षी मन घट्ट करून ब्रीझे वेर्दिएरला गेलो. लेक ओसरीवर पालेभाजी निवडत होती. माझी ओळख पटली तशी तिनं खुर्ची दिली. बाबा शेवटी शेवटी एकच बोलायचे म्हणाली, की नातवाला मी खाल्लं. मग हातातली काडी तशीच धरून तिनं विचारलं, "त्यांनी केलं काय होतं, भाऊ? तुम्ही त्यांच्याबरोबर होता."

मी ठाऊक नाही म्हटलं. निघताना तिनं भाजीची एक जुडी बांधून दिली. ती घेऊन मी घरी आलो.

आता हे लिहून काढलं आहे. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मराठीत लिहायला बसलो तेव्हा ते मला माहीत होतं.