चढावर बसणारी व्हॅन

बारकूने उमेदीची वर्षं बैलगाडी हाकली. थकलेला बैल चढावर 'बसायचा'. पुढे त्याने जुनी व्हॅन घेतली आणि पाड्यावरची भाजी, आजारी माणसं बदलापूरला नेऊ-आणू लागला, तरी बोली बैलाचीच राहिली. म्हणूनच उल्हासनगरच्या एका गॅरेजात तो म्हणाला, "गाडी चढाला बसते," तेव्हा गॅरेजवाल्यांना वाटलं ती ओझ्याने मागून खाली बसते, आणि त्यांनी मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलून दिले. गाडी मागून चांगली उंच झाली आणि बारवी धरणाच्या चढावर पुन्हा बसली.

त्यात लेक सोनी बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. पाड्यावर दुसरी गाडी नाही. कुणीतरी म्हणालं, इंजिनच खलास असणार. तेव्हापासून बारकूला घास गोड लागत नव्हता.

शेवटी उल्हासनगरच्याच कॅम्प दोनमधल्या दुसऱ्या गॅरेजात मेकॅनिक सुजितने तक्रार ऐकली आणि वाकून मागची चाकं पाहिली.

"काका, ही कुठे बसलीय? उंट झालाय हिचा."

"आरं, दम सोडते ती. पाय दाबला का हुंदके देते, मंग बंद."

"मग असं सांगा ना. बसते काय, म्हैस आहे का?"

"बैल," बारकू पुटपुटला.

सुजितने इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीला दाब मोजणारा प्रेशर गेज जोडला. काटा बरोबर जागेवर. बारकूचा चेहरा पडला. पेट्रोल नीट येतंय, म्हणजे इंजिनच गेलं.

"थांबा. उभ्या गाडीला कुठे जास्त पेट्रोल लागतं?" सुजितने गेज बाहेरून काचेवर चिकटवला आणि बारकूला शेजारी घेऊन अंबरनाथच्या उड्डाणपुलाकडे निघाला. चढावर त्याने जोर दिला तसा काटा घसरला, आणि गाडीने हुंदका दिला.

"बघा. मागेल तेवढं पेट्रोल पोचत नाही. पंप तरी गेलाय, नाहीतर फिल्टर तुंबलाय."

गॅरेजात परतून काढलेला फिल्टर उलटा केला, तर त्यातून काळंकुट्ट पेट्रोल आणि गंज निघाला. नवा फिल्टर बसवून दोघे पुन्हा त्याच पुलावर गेले. काटा हलला नाही, गाडी तक्रार न करता वर पोचली.

"पंपही ठीक, इंजिनही ठीक," सुजित म्हणाला.

बारकूने बायकोला फोन लावला. "रंजना, सोनीला सांग, गाडी चढली." बोलता बोलता त्याने नाक ओढलं.

"रडताव का काय?" पलीकडून रंजनाने विचारलं.

"पेट्रोल गेलंय डोळ्यात," बारकू म्हणाला.