बटाट्याच्या चकतीवरचा फोड

जाफराबादहून दादाने सोयाबीनच्या पानांचे फोटो पाठवले, तेव्हा मी जालन्याच्या स्टँडवर बस शोधत होते. तपकिरी ठिपके, भोवती पिवळं कडं. जिवाणूचं काम आहे हे लगेच ओळखलं आणि चालता चालता सांगून टाकलं, "अमिनोचं टॉनिक फवार, झाड सावरेल." प्रयोगशाळेत याच जिवाणूवर काम करणारी मी, पण त्या दिवशी उंटावरून शेळ्या हाकल्या. दादाने लागलीच बाटली आणली, तिचाही फोटो पाठवला आणि पहिला फवारा घेतला.

पिवळं कडं पडतं ते जिवाणूच्या विषामुळे. कोणतं अमिनो आम्ल दिलं की तो जास्त विष करतो, हेच मी तपासत होते. प्रत्येक फ्लास्कच्या पाण्यात वेगळं आम्ल घालून जिवाणू वाढवायचा, ते पाणी गाळायचं आणि त्याचा थेंब बटाट्याच्या चकतीवर ठेवायचा. विष असेल तर चकतीला फोड येतो.

आठवड्याने चकत्यांच्या बश्यांवरची झाकणं उघडली. अमिनो न घातलेल्या पाण्याची चकती जेमतेम उंचावलेली, बाकीच्या बहुतेक तशाच. दोन मात्र टम्म फुगलेल्या, आणि त्या दोन्ही आम्लांची नावं दादाच्या बाटलीवर छापलेली होती.

चकत्या माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवल्या. सर म्हणाले, "फ्लास्क म्हणजे पान नव्हे. अजून दोनदा करा, मग बोला." त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. दादाचा दुसरा फवारा उद्या सकाळी होता. मी बसले, उठले, त्याच चकत्या पुन्हा पाहिल्या, चहा निवून गेला. भीती पिकाची वाटत होती की माझं नाक कापलं जाण्याची, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

शेवटी फोन लावला. "दादा, उद्या फवारू नको." मग बटाट्याचं सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "शेजारच्यायनं बी तेच आणलंय. मीच म्हन्लो, आपली बाई त्याचंच शिकून राह्यली. नक्की हाय का हे?"

"नक्की नाही. अजून दोनदा करून बघायचंय."

"अन् फवार म्हन्लीस, तवा करून पाह्यल्तं का?"

"नाही."

"बरं. बसलेत इथंच सगळे. तूच सांग त्यायला."

आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला.