पोस्टमनचे चौदा तुकडे

आमच्या ऑफिसात त्याला पोस्टमन म्हणत, कारण आलेलं पॅकेट वेळेत आत घेणं हेच त्याचं काम. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन भाडेकरूंसारखी राहतात. बाहेरून डेटाचं पॅकेट आलं की बेल वाजते, आतलं मशीन हातातलं काम टाकून उठतं, आणि त्या उठण्यातच वेळ जातो. पोस्टमनने ड्रायव्हर, म्हणजे पॅकेट आत घेणारा प्रोग्राम, असा लिहिला की पहिल्यांदा बेल वाजली की ती बंद करायची आणि थोडा वेळ दारातच उभं राहून येईल ते घ्यायचं. साठ मायक्रोसेकंदांचा उशीर एकोणीसवर आला. मोजलं मी, म्हणून छातीठोकपणे सांगते.

दोन वर्षांची मेहनत, चौदा बदल. आमच्या कामात प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव लागतं आणि ते जगभर दिसतं. पोस्टमनला बढती नको होती, ते नाव हवं होतं. त्याचे अप्पा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. चाळीस वर्षं लोकांची नावं जुळवली. "एकदा आपलं बघायचंय रे," म्हणायचे.

आमच्या टीमच्या प्रमुखांना सगळे थोरले म्हणत. पोस्टमनला हे काम त्यांनीच शिकवलेलं. ते म्हणाले, "चौदा तुकडे कोण वाचत बसणार? एकात गुंडाळून मीच पाठवतो."

पोस्टमनने डोळे झाकून दिले. गुंडाळणाऱ्याचंच नाव वर लागतं, ते आठवणीने बदलावं लागतं, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं! पण थोरले बदलतील, असं हा धरून चालला. मंजुरी आली तशी घरी सांगूनही मोकळा झाला. मग आम्ही मंजूर बदलांची यादी उघडली. वर थोरल्यांचं नाव, याचं कुठेच नाही.

मी भांडायला निघाले तर म्हणाला, "राहिलं असेल गं गडबडीत."

"राहिलं? स्वतःचं बरं नाही राहिलं!"

तीन आठवड्यांनी तक्रारी आल्या. एकच प्रोसेसर असलेली मशीन गोठत होती. एकटा माणूस दारातच उभा राहिला तर घरातलं काम करणार कोण? पोस्टमनचा तेरावा बदल नेमका यासाठीच होता. पण त्याने एक मायक्रोसेकंद वाढत होता, आकडा कमी देखणा दिसत होता, म्हणून थोरल्यांनी तो गुपचूप गाळलेला. आता त्यांनी सगळ्यांना दोषाची नोंद पाठवली आणि तिच्यात पोस्टमनचं पूर्ण नाव घातलं. म्हणे, मूळ काम याचं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोस्टमनने ती नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचली. ज्याला गुरू मानलं त्यानेच गळा कापला होता.

आणि नेमके त्याच दुपारी अप्पा आले. गळ्यात पाहुण्याचा पास, खिशात भिंग.

"कुठंय रे?"

स्क्रीनवर तीच नोंद होती. मी बंद करायला हात पुढे केला, तोवर अप्पा वाकलेसुद्धा. इंग्रजीचा अर्थ त्यांना लागत नाही, पण अक्षरं चाळीस वर्षं बोटांनी ओळखलेली. मुलाच्या नावावर त्यांचं बोट बरोबर थांबलं.

"सुबक बसलंय," ते म्हणाले. "आणि पुढे काय लिहिलंय?"

पोस्टमनने खुर्ची अप्पांकडे सरकवली.

"काम माझं आहे, असं लिहिलंय अप्पा."